कणाहीन प्राण्यांची चित्ररोजनिशी

प्राणिसृष्टीचे शास्त्रज्ञांनीं दोन भाग कल्पिले आहेत. ज्यांच्या पाठींत मणक्यांची माळ असते ते पृष्ठवंशीय, आणि ज्यांस ती नसते ते अपृष्ठवंशीय. मासा, बेडूक, साप, पक्षी, गाय व मनुष्य हे पहिल्या भागांत येतात. मुंगी, कोळी, खेकडा, कोळंबी, गोगलगाय, गांडूळ, डास, झुरळ हे दुसऱ्या भागांत. ऐकावयास ही वांटणी सारखी वाटते, परंतु ती मुळींच सारखी नाहीं. आजवर ज्या प्राण्यांस शास्त्रीय नांवें मिळालीं आहेत त्यांपैकीं शेंकडा पंचाण्णवांहून अधिक जाति कणाहीन आहेत. एकट्या कीटकांच्याच सुमारें दहा लक्ष जातींची नोंद झालेली आहे. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत जे हत्ती, सिंह आणि मोर आपण पाहतों, ते ह्या अफाट पोथीच्या समासांत लिहिलेलीं चार अक्षरें होत. मराठींत एखाद्यास कणा नाहीं असें म्हटलें म्हणजे तो त्याचा अपमान समजतात; परंतु आपल्याहून कित्येक पट जड दाणा ओढून नेणाऱ्या मुंगीस कण्याची उणीव भासत असेल असें कांहीं दिसत नाहीं.

ह्या प्राण्यांपैकीं रोज एकाचें, ह्याप्रमाणें सबंध महिनाभर चित्र काढावयाचें, असा उपक्रम गेल्या ऑक्टोबरांत आम्हीं आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेविला होता. कल्पना मूळची आमची नव्हे. जेक पार्कर नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें २००९ सालीं, शाईच्या कामांत आपला हात सुधारावा म्हणून, ऑक्टोबरचे एकतीस दिवस रोज एक शाईचें चित्र काढण्याचा नियम स्वतःस घालून घेतला. पुढें तो नियम देशोदेशींच्या लोकांनीं उचलला. कोणी त्या महिन्यांत रोज पक्षी काढतो, कोणी झाडें, कोणी जुनीं घरें, तर कोणी केवळ कणाहीन प्राणी. आम्हीं हा शेवटचा विषय पसंत केला, त्याचें कारण आमचें गांव.

कांजूरमार्गाच्या पश्चिमेस पवईचा तलाव व त्यापलीकडे डोंगर आहेत. पूर्वेस द्रुतगति मार्ग ओलांडला कीं मिठागरें, तिवरांचें रान, कचराभूमि आणि ठाण्याची खाडी. त्या खाडीचा एक मोठा भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादींत त्याचा समावेश झाला. थंडीच्या दिवसांत ते गुलाबी पक्षी पाहावयास दूरदूरचीं माणसें येतात. पण ज्या चिखलांत ते पक्षी चोंच खुपसून उभे असतात त्या चिखलांत काय राहतें, हें पाहावयास कोणी येत नाहीं. शिवाय ऑक्टोबर हा आमच्याकडे कणाहीनांचा महिना आहे. पाऊस नुकताच सरलेला असतो, गवत कमरेइतकें वाढलेलें असतें, कोळी पूर्ण वाढीस लागलेले असतात, फुलपांखरें भरपूर असतात. दिवाळीनंतर गवत वाळूं लागतें आणि हा बाजार हळूहळू उठतो.

नियम थोडेच होते. चित्र शाईचें असावें, मग ती टांकाची असो वा साध्या बॉलपेनची. खोडरबर वापरूं नये. पाय चुकीच्या जागीं पडला तर तो तसाच राहूं द्यावा, शेजारीं बरोबर पाय काढावा. प्राणी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला असावा. चित्राखालीं दिनांक, ठिकाण, वेळ, प्राण्याची लांबी आणि तो कोणत्या झाडावर किंवा वस्तूवर सांपडला तें लिहावें. नांव ठाऊक असल्यास लिहावें, नसल्यास जागा कोरी सोडावी.

पहिल्या आठवड्यांत बहुतेक सर्व मुलांनीं फुलपांखरें काढलीं. तीं सुंदर होतीं, आणि निम्म्याहून अधिक खोटीं होतीं. एका चित्रांत तर असें फुलपांखरूं होतें कीं जें हिंदुस्थानांत कोठेंच सांपडत नाहीं. तें मोबाईलच्या पडद्यावरून उतरून आलें होतें. मुलांस खोटें बोलावयाचें नव्हतें. चित्र म्हणजे सुंदर वस्तु, आणि सुंदर वस्तु म्हणजे कोणी तरी आधीं काढून ठेविलेली वस्तु, अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्या आठवड्यांत फुलपांखरें संपलीं, उत्साहहि निम्मा झाला, आणि कित्येकांच्या वह्या नवव्या-दहाव्या दिवशीं थांबल्या. आमच्या मतें खरें काम तेथूनच सुरू होतें. ज्या दिवशीं मुलगा नाइलाजानें न्हाणीघरांतील झुरळापुढें वही घेऊन बसतो, त्या दिवशीं तो पहिल्यानें झुरळ पाहतो.

आतां पाहणें म्हणजे काय, हें मुंगीवरून सांगतां येईल. ज्यानें जन्मापासून रोज मुंग्या पाहिल्या आहेत अशा कोणासहि कागदावर मुंगी काढावयास सांगा. तो तीन गोळे एकापुढें एक काढील, तें ठीकच आहे. मग प्रत्येक गोळ्यास दोन दोन पाय चिकटवील. खऱ्या मुंगीचे साही पाय मधल्या भागास, म्हणजे वक्षास, जोडलेले असतात. डोक्यास पाय नाहीं, उदरास पाय नाहीं. वक्ष आणि उदर ह्यांच्या मध्यें बारीक गांठीसारखी कंबर असते, आणि डोक्यावरील स्पर्शिका आपल्या कोपराप्रमाणें मध्येंच दुमडलेल्या असतात. कोळ्याच्या बाबतींत ह्याच्या उलट गंमत होते. मुलें एक मोठा गोल काढतात आणि त्याच्या चोहोंकडून आठ पाय, सूर्याच्या किरणांप्रमाणें. कोळ्याच्या शरीराचे भाग दोन; पुढच्या भागांत डोकें आणि छाती एकत्र असतात, आणि आठही पाय त्या पुढच्या भागासच असतात. मागचा मोठा फुगीर भाग, ज्यास आपण कोळ्याचें पोट म्हणतों, त्यास एकहि पाय नसतो. आमच्या एका वर्गांत चाळीस मुलांनीं पहिल्या दिवशीं न पाहतां कोळी काढला. पाय योग्य जागीं असलेले कोळी तीन निघाले. त्याच मुलांनीं कुंपणाच्या तारेवरील जिवंत कोळ्यापुढें बसून काढलेले कोळी मात्र, हात कितीहि कच्चा असो, बरोबर होते.

तो कोळी होता जाळ्यांत पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली काढणारा. इंग्रजींत त्यास सिग्नेचर स्पायडर, म्हणजे सही करणारा कोळी, म्हणतात. त्याची मादी जाळ्याच्या मध्यभागीं डोकें खालीं करून बसते आणि आपले पाय दोन दोन जोडून त्या फुलीवर असे ठेवते कीं प्रथमदर्शनीं चारच पाय दिसावेत. चित्र काढणाऱ्याची येथें परीक्षा होते. आठ पाय असतात हें पुस्तकांत वाचलें म्हणून तो आठ पाय सुटे सुटे पसरून काढतो, कीं समोर जें आहे तें काढतो? चित्रांत जोडलेले पाय दाखवून बाजूस 'प्रत्येक जोडींत दोन पाय' असें लिहिणाऱ्या मुलीस आम्हीं त्या दिवशीं सर्वांत अधिक गुण दिले. तिच्या कोळ्याचें उदर बटाट्यासारखें दिसत होतें, पण तो दोष हातांतला होता, डोळ्यांतला नव्हता.

ह्याच महिन्यांत घडलेली एक गोष्ट येथें सविस्तर सांगतों. आठवीचा एक विद्यार्थी पंधराव्या दिवशीं डासाच्या अळीचें चित्र घेऊन आला. त्याच्या इमारतींत नळाच्या पाण्याबरोबर बादलींत आलेल्या अळ्या त्यानें पेल्यांत धरून भिंगाखालीं पाहिल्या होत्या. त्याच्या चित्रांत अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर, जणूं पाठीवर निजलेल्या मुलाप्रमाणें, आडवी पडली होती. वर्ग हंसला. कारण डासाची अळी शेपटीकडील श्वासनळी पृष्ठभागास टेकवून डोकें खालीं करून तिरपी लोंबते, हें सर्वांस ठाऊक होतें. भिंतीवरील तक्त्यांत तसेंच चित्र होतें. मुलांनीं त्यास सांगितलें कीं नळी काढावयाची राहिली आहे. आम्हीं त्यास एवढेंच म्हटलें कीं घरीं जाऊन पुन्हां पाहा आणि जें दिसेल तें काढ.

दुसऱ्या दिवशीं तो दुसरें चित्र घेऊन आला. तें पहिल्यासारखेंच होतें. बरोबर झांकणाची बाटली होती आणि तींत सहा अळ्या होत्या. 'सर, साही मोजल्या. एकीलाहि नळी नाहीं. तक्त्यांत आहे, पण हिला नाहीं,' असें तो म्हणाला. आम्हीं शाळेच्या कुंडीखालील ताटलींतल्या पाण्यांतून दुसऱ्या अळ्या आणविल्या आणि दोन पेले शेजारीं शेजारीं ठेवले. कुंडीतल्या अळ्या तक्त्याप्रमाणें डोकें खालीं करून लोंबत होत्या. त्याच्या अळ्या आडव्या पडल्या होत्या. तक्ता खोटा नव्हता आणि मुलगाहि खोटा नव्हता. ते दोन निरनिराळे डास होते. क्युलेक्स आणि एडिस ह्या वंशांच्या अळ्यांस श्वासनळी असते म्हणून त्या तिरप्या लोंबतात. ॲनॉफेलीस वंशाच्या अळीस ती नळी नसते, म्हणून तिला श्वासासाठीं सबंध अंग पृष्ठभागाशीं लावून पडावें लागतें. आणि हिंवताप पसरविणारे डास ते ॲनॉफेलीस होत.

मुलाच्या इमारतींत त्या महिन्यांत दोन माणसें हिंवतापानें आजारी होतीं. त्यांच्या तापाचा आणि ह्या सहा अळ्यांचा संबंध होताच, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण अळ्या नळांतून येतात म्हणजे त्या गच्चीवरील टांकींत वाढत असल्या पाहिजेत, हें उघड होतें. मुलाच्या वडिलांनीं दोन्ही चित्रें इमारतीच्या सेक्रेटरींपुढें ठेविलीं. टांकीच्या झांकणाची तक्रार पूर्वीं दोनदां तोंडीं झाली होती आणि तोंडींच विरली होती. ह्या वेळीं सेक्रेटरी गच्चीवर चढले. झांकण एका कोपऱ्यांत फुटलेलें होतें. महानगरपालिकेचे कर्मचारी येऊन टांकी तपासून गेले, आठवड्यांत नवें झांकण बसलें. तीं दोन चित्रें आतां शाळेच्या प्रयोगशाळेंत तक्त्याशेजारीं लावलेलीं आहेत, आणि त्यांखालीं मुलाच्या हातचे शब्द तसेच आहेत: 'लांबी ५ मिलिमीटर. नळी नाहीं. सहा वेळां पाहिलें.'

असेंच कांहीं फार मोठ्या प्रमाणावर ह्या देशांत एकदां घडलें आहे. रोनाल्ड रॉस हे सैन्यांतील डॉक्टर सिकंदराबादेस डासांच्या पोटाची तपासणी करीत होते. डासांच्या जातींची शास्त्रीय नांवें त्यांस ठाऊक नव्हतीं. म्हणून त्यांनीं डोळ्यांस जसे दिसले तसे त्यांचे प्रकार पाडले आणि एकास ठिपकेदार पंखांचा डास असें नांव दिलें. हुसेनखान नांवाच्या हिंवतापाच्या रोग्यास चावविलेला तसला एक डास त्यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं फाडला, तेव्हां त्याच्या पोटाच्या आवरणांत काळे कण असलेल्या कांहीं गोल पेशी त्यांस आढळल्या. त्यांनीं त्या वहींत काढल्या. दुसऱ्या दिवशीं आणखी एक डास फाडला. तशाच पेशी होत्या, पण आकारानें मोठ्या. त्या अर्थीं त्या डासाच्या पोटांत वाढत होत्या. हिंवतापाचा जंतु डासांत वाढतो ह्याचा तो पुरावा होता, आणि १९०२ सालीं रॉस ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्या दोन दिवसांच्या आकृति चित्रकलेच्या दृष्टीनें अगदीं सामान्य आहेत. दोन वर्तुळें, एक लहान, एक मोठें, आंत ठिपके.

कणाहीनांचें चित्र काढण्याची ही परंपरा जुनी आहे. रॉबर्ट हुक ह्यांनीं १६६५ सालीं सूक्ष्मदर्शकांतून पाहिलेल्या पिसवेचें जें प्रचंड चित्र छापलें, तें पाहून लोक चकित झाले. अंथरुणांतील त्या क्षुद्र जीवास इतकें रेखीव कवच आणि इतके नीट बसविलेले केंस असतील, अशी कोणास कल्पना नव्हती. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती तर आपल्या बावन्नाव्या वर्षीं, १६९९ सालीं, धाकट्या मुलीस बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशीं गेली. उद्देश एकच, तेथील कीटक जिवंत पाहून काढणें. १७०५ सालीं तिचें पुस्तक आलें. त्यांत प्रत्येक सुरवंट त्याच्या अन्नाच्या झाडावर, त्याचा कोश आणि त्यांतून निघालेलें फुलपांखरूं ह्यांसह एकाच पानावर दाखविलें आहे. त्या काळीं किडे चिखलांतून व कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उत्पन्न होतात असें मानणारे पुष्कळ होते. त्यांच्याशीं वाद घालण्याऐवजीं तिनें अंड्यापासून फुलपांखरापर्यंतची सगळी वाट काढून दाखविली.

महाराष्ट्रांत ह्या परंपरेचा एक मानकरी होऊन गेला, त्याचें नांव आमच्या शाळेसारख्या शाळांत तरी विसरलें जाऊं नये. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्यांचा जन्म १८५१ सालीं सातारा येथें एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबांत झाला. ते मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यांत नोकरीस होते; कांजूर-भांडुपच्या मिठागरांसारख्या जागा हें त्या खात्याचेंच क्षेत्र. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या माणसास रिकामा वेळ आणि उघडें आकाश दोन्ही पुष्कळ. एटकेन ह्यांनीं तो वेळ किडे-पाखरें पाहण्यांत घालविला. १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. १८९० सालीं त्यांनीं व डेव्हिडसन ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील फुलपांखरांच्या अळ्या व कोश ह्यांचें वर्णन सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्यासाठीं अळ्या घरीं पाळून, कोणती अळी कोणतें पान खाते, हें त्यांनीं पाहिलें होतें. १९०३ सालीं ॲनॉफेलीस डासांच्या एका जातीस एटकेन ह्यांचें नांव देण्यांत आलें. एखाद्याच्या नांवानें डास ओळखला जावा ह्यांत वाचकांस हंसूं येईल. परंतु प्राणिशास्त्रज्ञांत तो मान समजतात.

त्यांनीं केलें तें आजहि कोणाहि मुलास गॅलरींत करतां येण्याजोगें आहे. कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या कुंडींतील रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका सांपडतो. तो हालूं लागला कीं समजावें, ही लिंबावरील फुलपांखराची तरुण अळी आहे. कांहीं दिवसांनीं तीच कात टाकून हिरवीगार होते, आणि पानांत दिसेनाशी होते. तिचें रोज एक चित्र काढलें तर महिन्यांतले पंधरा-वीस दिवस एकट्या त्या अळीवर निघतात. सहावीच्या एका मुलीनें असें केलें. अळीनें सगळें रोप खाऊन टाकल्यामुळें तिच्या आईस आठवडाभर आमटीस कढीलिंब विकत आणावा लागला, त्याबद्दल आम्ही त्या माउलीचे आभारी आहों.

गोगलगाईचें प्रकरण निराळें आहे, कारण तेथें डावें-उजवें चुकतें. पावसाळ्यांत आमच्याकडे भिंतींवर चढणारी मोठी गोगलगाय आफ्रिकेंतली; १८४७ सालीं ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. तिचा शंख टोंक वर व तोंड आपल्याकडे करून धरला तर तोंड उजव्या हातास येतें. बहुतेक सर्व शंखांचें असेंच असतें. पण मुलें सवयीनें वळसा कोणत्याहि बाजूनें घेतात, आणि वर्गांत गोळा केलेल्या गोगलगाईंपैकीं निम्म्या सृष्टींत जवळजवळ न सांपडणाऱ्या निघतात. ह्यांत त्यांस संगत मात्र थोर आहे. रेम्ब्रांट ह्या महान डच चित्रकारानें १६५० सालीं एका शंखाचें चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलें. पत्र्यावरून छापतांना चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटतें. त्यानें आपली सही उलटी कोरली, म्हणून ती सुलट छापली गेली, पण शंख सुलटच कोरला आणि तो छापांत उलटा झाला. आपल्याकडे पूजेंतील दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख म्हणतात तोहि ह्याच कोड्यांतला. शास्त्रज्ञ शंखाचें वेढ्यांचें टोंक वर धरतात, पूजेंत तें खालीं असतें. त्यामुळें शास्त्रज्ञ ज्यास डाव्या वळणाचा म्हणतात तोच आपला दक्षिणावर्ती. शंख एकच, धरण्याची रीत निरनिराळी. म्हणून चित्राखालीं तो कसा धरला होता हेंहि लिहावें.

खाडीकडील मंडळींविषयीं लिहावें तितकें थोडें. भरती ओसरल्यावर तिवरांखालीं जे चिमुकले खेकडे बिळाबाहेर येतात त्यांतील नराची एक नांगी सबंध अंगाएवढी मोठी असते आणि ती तो हात हालविल्याप्रमाणें वर-खालीं करतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. कित्येकांची मोठी नांगी उजवी, कित्येकांची डावी. चित्रांत सर्वांची उजवीच काढली तर तें पाहणें झालें नाहीं. तेथेंच चिखलांत उड्या मारणारी निवटीहि कांहीं मुलांनीं काढून आणली. चित्र उत्तम होतें. पण निवटी हा मासा आहे, त्यास कणा आहे, आणि नियमाप्रमाणें तें चित्र बाद झालें. मुलें हिरमुसलीं. चिखलांत राहणें आणि कणा नसणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या, हें त्यांस पुन्हां सांगावें लागणार नाहीं. खाडीवर मात्र मुलांनीं एकटें जाऊं नये. आम्ही ओहोटीची वेळ पाहून, मोठ्या माणसांसह जातों.

ज्यांस खाडी दूर, त्यांस बाजार जवळ आहे. कोळीण दारांत आली म्हणजे कोळंबी सोलण्यापूर्वीं एक नग मुलास पंधरा मिनिटें द्यावा, अशी मातांस आमची विनंति आहे. कोळंबीच्या डोक्यापुढें दातेरी कांटा असतो. चालण्याचे पायांचे पांच जोड पुढें आणि पोहण्याचे पांच जोड मागें असतात. पाठींतून जो काळा धागा आपण काढून टाकतों तें तिचें आंतडें होय. तिची मज्जारज्जु पोटाच्या बाजूनें जाते, म्हणजे आपल्या अगदीं उलट. एवढें सगळें स्वयंपाकघरांत ताटलींत पडलेलें असतें. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीनें आरंभीं तक्रार केली होती कीं आमच्याकडे प्राणीच येत नाहींत. महिन्याच्या शेवटीं तिच्या वहींत न्हाणीघर व स्वयंपाकघर ह्या दोनच खोल्यांतले अकरा कणाहीन प्राणी होते, त्यांत जुन्या पुस्तकांतील कसर, छताच्या कोपऱ्यांतला लांब पायांचा कोळी, आणि तांदुळांतले सोंडे. तांदुळांतल्या सोंड्यास खरोखरच सोंड असते, हें तिनें घरांतल्या सर्वांस भिंगांतून दाखविलें.

पालकांचे आक्षेप आमच्या कानांवर आले आहेत. परीक्षेचें वर्ष, रोज अर्धा तास जातो, आणि मोबाईलनें क्षणांत छायाचित्र मिळत असतां हा खटाटोप कशास? छायाचित्र उपयोगी आहे. पण छायाचित्र घेण्यास पाय मोजावे लागत नाहींत. आठवीच्या त्या विद्यार्थ्यानेंहि प्रथम छायाचित्रच घेतलें होतें, त्यांत पेल्याच्या कांचेवरील दिव्याची चमक तेवढी आली होती. नवीन प्राण्याचें वर्णन शास्त्रज्ञ आजहि प्रसिद्ध करतात तेव्हां छायाचित्रांबरोबर हातानें काढलेल्या आकृति पुष्कळदां देतात, विशेषतः कोळ्यांच्या बाबतींत, कारण दोन जवळच्या जातींतला फरक अतिसूक्ष्म अवयवांच्या आकारांत असतो. २०२१ सालीं ठाणे-कल्याण परिसरांतून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जाति वर्णिली गेली आणि तिला इसियस तुकारामी असें नांव देण्यांत आलें. मुंबईवर २००८ सालीं झालेल्या हल्ल्याच्या वेळीं गोळ्या झेलीत एका हल्लेखोरास जिवंत पकडून देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे ह्यांच्या स्मरणार्थ तें नांव आहे. आमच्या स्टेशनापासून थोड्याच स्टेशनांवर, इतक्या दाट वस्तींत, शास्त्रास ठाऊक नसलेला प्राणी २०२१ पर्यंत भिंतींवरून व पानांवरून उड्या मारीत होता.

सावधगिरीच्या चार गोष्टी. केंसाळ सुरवंटास हात लावूं नये, अंगास खाज सुटते. गोम व विंचू दुरूनच काढावे. गोगलगाईस उघड्या हातानें धरूं नये, धरल्यास साबणानें हात धुवावे. तिच्या अंगांत माणसास बाधणारे कृमि असूं शकतात. आणि चित्रासाठीं कोणासहि मारूं नये. बरणींत धरलेला प्राणी चित्र संपतांच जेथून आणला तेथें सोडावा. झुरळ व डास ह्यांस ही सवलत द्यावी कीं नाहीं, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

एकंदर एकोणसाठ मुलांनीं आरंभ केला, एकतीसहि चित्रें पुरीं करणारीं तेवीस निघालीं. सगळ्या वह्या मिळून ज्यांच्याखालीं नांवाची जागा कोरी आहे अशीं चौसष्ट चित्रें आहेत. विज्ञानाच्या शिक्षकांनीं त्यांतल्या तीसांस नांवें शोधून दिलीं. उरलेल्यांत एक लहानसा हिरवट कोळी आहे, शाळेच्या मागील भिंतीवर सांपडलेला, लांबी ४ मिलिमीटर, पुढचे पाय इतरांहून जाड, डोक्यावर दोन मोठे डोळे पुढें आणि सहा लहान. तो अजून बेनामी आहे.

यंदां पहिलें चित्र १ ऑक्टोबर रोजीं प्रार्थनेनंतर वर्गांतच काढावयाचें आहे. कागद शाळा देईल. पालकांनीं लोणच्याच्या किंवा जामच्या रिकाम्या कांचेच्या बरण्या, झांकणास भोकें पाडून, २५ सप्टेंबरपर्यंत पाठवाव्या. भोकें आंतून बाहेर पाडावीं, म्हणजे पत्र्याची धार आंतल्या प्राण्यास लागत नाहीं.